ओल्डहॅमच्या खात्यावर काय जमा?

ओल्डहॅम बापलेकांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. भूशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. माझी नोकरी दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेली, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

निमित्त झालं भाचीचं. ती भूभौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. मध्यंतरी ती घरी आली असताना तिच्याकडून मी 'एच-इंडेक्स' समजून घेतला. हर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेली ही युक्ती. एखाद्याच्या दहा निबंधांचा इतरांनी प्रत्येकी किमान दहा वेळा दाखला दिला असेल तर त्याचा एच-इंडेक्स दहा. वीस निबंध, प्रत्येकी वीस दाखले, तर वीस. एकच निबंध गाजला आणि बाकीचे पडून राहिले तर उपयोग नाही. ढीगभर लिहिलं आणि कोणी वाचलं नाही तरी उपयोग नाही. हिशेबतपासनीसाला आवडावी अशीच ही मांडणी आहे, आणि मला ती आवडलीही. मी सहज विचारलं, "मग त्या ओल्डहॅमचा किती येईल गं?" (त्या दिवसांत मी त्याच्याविषयी वाचत होतो.) ती म्हणाली, "मामा, आम्ही रोज त्याचं काम वापरतो. पण त्याला सायट कोण करतं?"

हे वाक्य डोक्यात राहिलं. तर त्या ओल्डहॅमची ही गोष्ट.

खरं म्हणजे ओल्डहॅम दोन. थोरले टॉमस १८५१ साली आयर्लंडहून कलकत्त्याला आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था त्यांनी उभी केली. कंपनी सरकारला हवा होता दगडी कोळसा. टॉमससाहेबांनी कोळसा शोधलाच, पण बाकीचं भूशास्त्रही हळूच त्याच खर्चात बसवलं. (असे खर्च आम्ही तपासणीत पकडत असू. पंचवीस वर्षं त्यांना कोणी पकडलं नाही, हे आपलं नशीब.) १८६९ च्या जानेवारीत काछाडमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा त्यांनी त्याचा अभ्यास सुरू केला, आणि त्याबरोबर हिंदुस्थानात अगदी प्राचीन काळापासून १८६९ पर्यंत झालेल्या भूकंपांची एक यादीही करायला घेतली. दोन्ही कामं छापून होण्याआधीच, १८७८ मध्ये, ते वारले.

पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम त्याच खात्यात रुजू झाला. वय एकवीस. वडिलांचा काछाडचा अहवाल १८८२ मध्ये आणि ती यादी १८८३ मध्ये निघाली, दोन्ही त्याने तयार करून छापवून घेतलेली. वडिलांच्या मागे राहिलेली कागदपत्रं आवरणं आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आलेलं आहे. पासबुकं, पावत्या, विम्याचे कागद. या मुलाच्या वाट्याला अठराशे एकोणसत्तरपर्यंतचे भूकंप आले.

त्यानंतर चौदा वर्षांनी त्याच्याच कारकिर्दीत तो प्रचंड भूकंप आला.

१२ जून १८९७, शनिवार, संध्याकाळी सव्वापाचचा सुमार. त्या दिवशी आपल्याकडे पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव चालू होता. त्याचा वृत्तांत १५ जूनच्या 'केसरी'त आला, आणि पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो त्यातूनच. दहा दिवसांनी, २२ जूनच्या रात्री, रँडवर गोळी झाडली गेली. त्यामुळे १८९७ चा जून म्हटलं की मराठी माणसाला प्लेग, चापेकर आणि टिळकच आठवतात. त्याच महिन्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं होतं, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

तिकडे साधारण इंग्लंडएवढ्या प्रदेशातली दगडाविटांची झाडून सगळी बांधकामं पडली. शिलाँग सपाट झालं. मृतांचा त्या वेळचा आकडा १५४२ आहे. एवढ्या मोठ्या भूकंपाच्या मानाने तो कमी, कारण संध्याकाळची वेळ होती आणि माणसं घराबाहेर होती. आजच्या अंदाजाने त्या भूकंपाची तीव्रता ८ किंवा थोडी अधिकच भरते. आसामातल्या लोकांनी आपल्यापुरता निष्कर्ष लगेच काढला आणि दगडाची घरं सोडून हलक्या लाकडी सांगाड्याची, बांबू-बोरूच्या भिंतींची घरं बांधायला घेतली. 'आसाम पद्धतीची घरं' म्हणून ती पुढे ओळखली गेली.

ओल्डहॅमने आपले सहकारी चारी दिशांना पाठवले, स्वतः फिरला, आणि गावोगावच्या लोकांकडून पत्रं मागवली. चहामळेवाले, स्टेशनमास्तर, मिशनरी, तारखात्यातले लोक. या सगळ्यातून १८९९ साली अहवाल निघाला, सुमारे चारशे पानांचा. मी तो संगणकावर वाचला. सगळा कळला असं म्हणणार नाही, पण वाचताना कंटाळा आला नाही एवढं खात्रीने सांगतो.

त्यात दगडांची एक हकीकत आहे. जमिनीत अर्धवट रुतलेले मोठमोठे धोंडे उसळून बाहेर पडले होते, आणि ज्या खळग्यांत ते बसलेले होते त्या खळग्यांच्या कडा जवळजवळ शाबूत होत्या. धोंडा गडगडत गेला असता तर कड मोडली असती. म्हणजे तो सरळ वर उडाला. म्हणजे जमिनीने वर दिलेला धक्का गुरुत्वाकर्षणाहून जबर होता. हाताशी कुठलंही यंत्र नसताना, नुसत्या खळग्याची कड बघून काढलेलं हे अनुमान आहे! गारो टेकड्यांत चेद्रांग नदीच्या काठाने जमीन उभी चिरली होती. एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा जास्तीत जास्त पस्तीस फूट वर. नदी ती चीर पुन्हा पुन्हा ओलांडत होती, म्हणून कुठे नवा धबधबा तयार झाला होता, तर कुठे तळं साचलं होतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो घड्याळांचा भाग.

भूकंप नेमका किती वाजता झाला? प्रश्न साधा वाटतो. त्या काळी हिंदुस्थानात एक वेळ नव्हती. कलकत्त्याची वेळ निराळी, मुंबईची निराळी, रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेळेवर चालायचं, आणि मळ्यावरच्या साहेबाचं घड्याळ त्याच्या मर्जीवर. कलकत्ता आणि मद्रास यांच्या वेळांत अर्ध्या तासाहून अधिक फरक. (प्रमाणवेळ १९०६ साली आली. मुंबईने तर आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही!) पत्र पाठवणारा "पाच वाजून दहा मिनिटं" असं लिहितो, पण कुठल्या वेळेचे पाच? शिलाँगहून इटलीपर्यंत सात हजारांहून अधिक किलोमीटर पृथ्वीच्या पोटातून यायला भूकंपाच्या पहिल्या लाटेला अवघी दहा-अकरा मिनिटं लागतात. तिथे मूळ वेळेत दोन मिनिटांची चूक झाली तरी सगळा हिशेब कोसळला. ज्यांनी शाखाशाखांच्या न जुळणाऱ्या वह्या जुळवल्या आहेत त्यांना या कामाची किंमत कळेल. अशा कामात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही हे ठरवण्याचं धाडस लागतं.

इटलीचा उल्लेख आला तो यासाठी, की तिथे तेव्हा लांब लोलकांची भूकंपलेखक यंत्रं चालू होती आणि त्यांच्यावर हा भूकंप उमटला होता. ओल्डहॅमने ते लेख मागवले. त्यात त्याला एकाऐवजी तीन हालचाली दिसल्या. आधी बारीक थरथर, मग काही मिनिटांनी जरा मोठी, आणि शेवटी लांबच लांब, संथ लाटा. त्याने सांगितलं की पहिल्या दोन पृथ्वीच्या आतून येतात आणि तिसरी पृष्ठभागावरून फिरून येते. आतून येणाऱ्या दोन लाटा म्हणजे घनपदार्थात संभवणारे दोन तऱ्हेचे तरंग. मालगाडीला इंजिनाने मागून धक्का दिला की तो डब्याडब्यातून पुढे सरकतो, तसा पहिला. दोरी एका टोकाला झटकली की वळसा सरपटत जातो, तसा दुसरा. असे दोन तरंग असायला हवेत हे गणिताने प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या सुमारास दाखवलं होतं. पण खऱ्याखुऱ्या भूकंपाच्या कागदावर बोट ठेवून "हा पहिला, हा दुसरा" असं स्पष्ट दाखवलं ते ओल्डहॅमने. १९०० साली त्याने आणखी भूकंपांचे लेख घेऊन तेच पक्कं केलं.

याचा उपयोग काय? पहिला तरंग वेगवान, दुसरा मंद. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, मधल्या सेकंदांवरून वीज किती लांब पडली ते कळतं, तसंच. दोन तरंगांमधल्या सेकंदांना ढोबळमानाने आठाने गुणलं की जवळच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. कोयनेला धक्का बसला तर पुण्याच्या यंत्रावर हे अंतर पंधरा-सोळा सेकंदांचं पडतं. अशी तीन ठिकाणची अंतरं मिळाली की नकाशावर बिंदू ठरला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता किल्लारी गेलं तेव्हा, आणि आजही पाटणच्या बाजूला भांडी वाजतात तेव्हा केंद्रबिंदू शोधण्याच्या मुळाशी हीच रीत आहे. आता संगणक आहेत, यंत्रं शेकडो आहेत, तरी कागदावर आधी तेच दोन तरंग ओळखावे लागतात. आणि केंद्रबिंदूच्या बातमीखाली ओल्डहॅमचं नाव नसतं. शून्याखाली तरी कुठे कोणाचं नाव असतं!

तब्येतीमुळे १९०३ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि तो इंग्लंडला परतला. आणि त्याचा सगळ्यात प्रसिद्ध निबंध आला तो त्यानंतर, १९०६ साली, पंचेचाळिशी उलटल्यावर, कुठलीही संस्था पाठीशी नसताना.

विषय होता पृथ्वीच्या पोटात काय आहे. मोजक्या मोठ्या भूकंपांचे जगभरचे लेख त्याने एकत्र मांडले. भूकंपापासून जसजसं लांब जावं तसतसे तरंग उशिरा पोचतात, आणि एका मर्यादेपर्यंत तो उशीर एका चालीने वाढतो. पण पृथ्वीगोलावर सुमारे १२० अंशांच्या पलीकडे गेलं की दुसऱ्या तरंगाचं गणित एकदम बिघडतं. तो अपेक्षेपेक्षा फारच उशिरा आलेला दिसतो. ओल्डहॅम म्हणाला, इतक्या लांब जाणाऱ्या तरंगाची वाट पृथ्वीच्या खोल मध्यातून जाते, तेव्हा मध्यात काहीतरी निराळं असलं पाहिजे, ज्यात तरंग मंदावतो. म्हणजे पृथ्वीला गाभा आहे, आणि त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या चार दशांशांएवढी. लोखंडाच्या गाभ्याची कल्पना जर्मनीत वीखर्टने आधी मांडली होती, पण ती घनतेच्या गणितावर. भूकंपाच्या नोंदींवरून दाखला देणारा हा पहिला.

आता गंमत बघा. आज आपल्याला माहीत आहे की गाभ्याचा बाहेरचा भाग द्रवरूप आहे, आणि तो दोरीसारखा दुसरा तरंग द्रवातून जाऊच शकत नाही. म्हणजे ओल्डहॅमने ज्याला "गाभ्यातून रखडत आलेला दुसरा तरंग" म्हटलं, तो तो नव्हताच! दुसऱ्या वाटेने आलेला भलताच तरंग त्याने त्या नावाखाली लिहिला होता. आमच्या भाषेत बोलायचं तर बेरीज बरोबर, पण नोंद चुकीच्या खात्यात. अशी वही माझ्यासमोर आली असती तर मी लाल शाईने शेरा मारून परत पाठवली असती, आणि पृथ्वीचा गाभा काही वर्षं उशिरा सापडला असता :-)

पण निबंधाने एक प्रश्न टेबलावर ठेवला तो ठेवलाच. गुटेनबर्गने काही वर्षांतच जर्मनीत गाभ्याची सीमा २९०० किलोमीटर खोल असल्याचं काढलं. तो आकडा आजही जवळपास तसाच आहे. गाभा ओल्डहॅमच्या अंदाजाहून बराच मोठा निघाला. १९२६ मध्ये जेफ्रीजने गाभा द्रव असल्याचं दाखवलं. आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या द्रवाच्याही आत आणखी एक गाभा असल्याचं दाखवून दिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ओल्डहॅम वारला. लेमान यांचा निबंध त्याने पाहिला असेल का, हा विचार मनात येतोच.

मधल्या काळात मानसन्मान मिळाले, नाही असं नाही. १९०८ मध्ये लायेल पदक, १९११ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १९२० ते १९२२ लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं अध्यक्षपद. हिमालयाच्या आणि गंगेच्या मैदानाच्या रचनेवर त्याने १९१७ मध्ये लिहिलं, १९२६ मध्ये १८१९ च्या कच्छ भूकंपावर. २००१ मध्ये भूज उद्ध्वस्त झालं तेव्हा अनेकांनी ते जुनं काम पुन्हा काढलं.

माझ्या ओळखीत मात्र ओल्डहॅमचं नाव निघतं ते भलत्याच कारणाने, सरस्वती नदीमुळे. पंजाबातल्या नद्यांनी पात्रं कशी बदलली असावीत यावर त्याने १८८६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला होता. आणि १८९३ साली 'सरस्वती आणि वाळवंटातली हरवलेली नदी' अशा विषयावर आणखी एका ओल्डहॅमने लिहिलं. हा सी. एफ. ओल्डहॅम, लष्करातला डॉक्टर. नामसाधर्म्यामुळे दोघांची बेमालूम मिसळ होते. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर, साल तिसरंच. ज्या निबंधाचे बाहेर इतके दाखले दिले जातात त्यातले निम्मे तरी योग्य ओल्डहॅमच्या खात्यावर पडत असतील का, याची मला शंका आहे. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, असले गोंधळ जिवंत माणसांच्या बाबतीतही होतात, आमच्यातल्या 'शर्मां'ना विचार!

अहवालाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. आसामच्या भूकंपानंतर सर्वेक्षण विभागाने त्या टेकड्यांवरचे काही त्रिकोण पुन्हा मोजले होते, आणि जुन्या-नव्या मापांत चांगलाच फरक आला होता. जिला स्थिर धरून मोजायचं ती टेकडीच हलली असेल तर काय करायचं? तेव्हा त्या आकड्यांचा नीट उलगडा झाला नाही. ओल्डहॅमने ते अहवालाला जोडून छापले. न जुळणारे आकडे त्याने गाळले नाहीत, ही गोष्ट मला गाभ्याच्या शोधाहूनही मोठी वाटते. कदाचित हा माझ्या धंद्याचा दोष असेल.

शंभर वर्षांनी, २००१ मध्ये, रॉजर बिल्हॅम आणि फिलिप इंग्लंड या दोघांनी भूकंपाच्या आधीची आणि नंतरची ती मोजणी घेऊन नव्याने गणित मांडलं. तोवर समजूत अशी होती की हा भूकंप हिमालयाच्या बाजूच्या, उत्तरेकडे उतरणाऱ्या भ्रंशावर झाला. यांचं उत्तर उलटं आलं. शिलाँग पठाराची उत्तर कड त्या संध्याकाळी किमान ११ मीटर वर उचलली गेली होती, आणि त्याचं कारण जमिनीत गाडलेला, सुमारे ११० किलोमीटर लांबीचा, हिमालयाच्या विरुद्ध दिशेला तीव्र उतार असलेला एक भ्रंश. त्यावरची सरक सुमारे १८ मीटर. उसळलेल्या धोंड्यांचा जबर धक्काही या गणितात बसला. भ्रंशाला त्यांनी नाव दिलं 'ओल्डहॅम भ्रंश'.

हा भ्रंश जमिनीवर कुठे दिसत नाही. त्यामुळे तो खरंच आहे का, असल्यास १८९७ चा भूकंप त्याच्यावरच झाला का, यावर सगळ्यांचं एकमत नाही. आपल्याकडच्या काही भूशास्त्रज्ञांनीही शंका घेतल्या आहेत. भाचीच्या मते हा वाद इतक्यात मिटत नाही. आणि बाजू कुठलीही असो, निबंध लिहिणाऱ्याला १८९९ च्या अहवालाचा दाखला द्यावाच लागतो.